बिल्टी अजून कागदाचीच का?

छोट्या मालवाहतूकदाराला तंत्रज्ञानाचे वावडे नाही. त्याच्यावर नजर ठेवणारे तंत्रज्ञान वेगाने आले. त्याचे पैसे वेळेवर मिळवून देणारे मात्र अजून वाटेतच आहे.

मालाची ने-आण आणि साठवणूक यांवर भारतात सकल देशांतर्गत उत्पादनाच्या तेरा-चौदा टक्के खर्च होतो, हे वाक्य कित्येक वर्षे सरकारी भाषणांत आणि उद्योगसंघटनांच्या अहवालांत ऐकू येत होते. त्यामागचा हिशेब मात्र कच्चा होता. ‘एनसीएईआर’ या संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये जो अंदाज मांडला, त्यानुसार २०२१-२२ साठी हे प्रमाण ७.८ ते ८.९ टक्के भरले. सप्टेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढील अभ्यासात २०२३-२४ साठीचा आकडा ७.९७ टक्के आला. देश समजत होता तितका मागे नाही, ही समाधानाचीच बाब आहे. तथापि सरासरीचा आकडा एका प्रश्नाचे उत्तर देत नाही. या कार्यक्षमतेचा भार कोणी वाहिला आणि तिचा लाभ कोणाच्या पदरात पडला, हा तो प्रश्न होय.

तो विचारण्याचे कारण या व्यवसायाच्या रचनेतच आहे. रस्त्यावरची मालवाहतूक आपल्याकडे मूठभर बड्या कंपन्यांच्या हाती नाही. देशातील बहुतेक ट्रक अशा मालकांचे आहेत, ज्यांच्याकडे एक, दोन किंवा फार तर पाच गाड्या असतात. त्यांच्या जोडीला बुकिंगची छोटी कार्यालये, भाडे जुळवून देणारे दलाल आणि गोदामवाले आहेत. राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरणात ज्या डिजिटल क्रांतीची ग्वाही दिली जाते, ती अखेर याच माणसांच्या टेबलावर घडायची आहे.

ट्रान्सपोर्ट नगरातील टेबल

लखनऊमध्ये कानपूर रस्त्यावर, विमानतळाच्या अलीकडे ट्रान्सपोर्ट नगर आहे. यूपी ३२ क्रमांकाच्या गाड्या जेथे नोंदल्या जातात ते आरटीओचे कार्यालय येथेच आहे. लखनऊ मेट्रोचा पहिला टप्पा सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झाला, तोही येथपासून चारबागपर्यंतच. मेट्रोच्या खांबांपासून थोडे आत वळले की टायरवाले, स्प्रिंगपाटे दुरुस्त करणारे, चहाच्या टपऱ्या आणि त्यांच्यामध्ये दहा बाय बाराची बुकिंग कार्यालये लागतात. निवृत्तीनंतरच्या दोन हिवाळ्यांत मी येथे अनेक दुपारी बसलो. प्रशासनात असताना हा भाग मला फायलीतूनच ठाऊक होता. आता वेळ होता आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याची जुनी सवयही होती.

जवळजवळ प्रत्येक टेबलावरचे दृश्य सारखेच. दोन किंवा तीन मोबाइल फोन, त्यांतला एक सतत व्हॉट्सअ‍ॅपवर वाजणारा. भिंतीवर क्यूआर कोड. शेजारी लाल कापडाची वही. आणि मध्यभागी कार्बन घातलेले बिल्टी-पुस्तक, ज्याच्या तीन प्रतींपैकी एक माल पाठवणाऱ्याला, एक ट्रकबरोबर आणि एक कार्यालयात राहते. महाराष्ट्रात ज्याला एलआर म्हणतात, तीच ही बिल्टी. ई-वे बिल संगणकावर निघते, टोल फास्टॅगमधून कापला जातो, परवाना आणि विमा सरकारी अ‍ॅपवर दिसतो. पण ज्या कागदावर माल घेतल्याची कबुली आणि भाड्याचा करार असतो, तो कागद आजही हाताने लिहिला जातो.

याचे सोपे स्पष्टीकरण असे दिले जाते की, हे लोक जुन्या वळणाचे, कमी शिकलेले आणि बदलाला नाखूश आहेत. मला ते पटत नाही. हीच माणसे कोणत्याही परिपत्रकाविना मोबाइलकडे वळली. २०१६ नंतर यूपीआय आले, तेव्हा चालकाला वाटेत डिझेलचे आणि जेवणाचे पैसे पाठवण्यासाठी त्यांनी ते चटकन उचलले. गाडी उलटली, टायर फुटला, माल भिजला, तर घटनास्थळाचे छायाचित्र काही मिनिटांत मालकाच्या फोनवर येते. ज्या साधनाने पैसा वाचतो किंवा लवकर हाती येतो, ते साधन या बाजारात शिकवावे लागत नाही.

नाक्यापासून सर्व्हरपर्यंत

वरून आलेल्या तंत्रज्ञानाचा प्रवास वेगळा आहे. त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. उत्तर प्रदेशात बाहेरून माल आणायचा तर व्यापाऱ्याला ‘फॉर्म ३८’ लागे; राज्यातून नुसता जाणाऱ्या मालासाठी ‘बहती’ नावाचा वेगळा कागद असे. नाक्यांवर ट्रकांच्या रांगा रात्रभर उभ्या राहत आणि त्या रांगांवर एक संपूर्ण अनधिकृत अर्थव्यवस्था पोसली जाई. जुलै २०१७ मध्ये जीएसटी लागू होताच पहिल्या काही दिवसांतच २२ राज्यांनी सीमेवरचे नाके हटवले. मुंबईची जकातही त्याच दिवशी इतिहासजमा झाली, हे मराठी वाचकांना आठवत असेल. ज्यांनी त्या रांगा पाहिल्या आहेत, त्यांना या बदलाचे मोल सांगावे लागत नाही.

नाका गेला आणि त्याची जागा सर्व्हरने घेतली. ई-वे बिल १ फेब्रुवारी २०१८ रोजी सक्तीचे व्हायचे होते. त्याच दिवशी पोर्टल कोलमडले आणि सक्ती पुढे ढकलावी लागली. १ एप्रिलपासून आंतरराज्य वाहतुकीसाठी आणि १५ एप्रिलपासून उत्तर प्रदेशासह पाच राज्यांत अंतर्गत वाहतुकीसाठी ते लागू झाले. पन्नास हजार रुपयांहून अधिक किमतीच्या मालासाठी ते आवश्यक ठरले. फेब्रुवारी २०२१ मध्ये फास्टॅग सर्व टोलनाक्यांवर सक्तीचा झाला आणि त्याच सुमारास तो ई-वे बिलाशी जोडला गेला. आता कोणती गाडी कोणत्या मालासह कोणत्या वेळी कोणत्या टोलवरून गेली, हे कर अधिकाऱ्याला कार्यालयात बसून कळू शकते.

१७ सप्टेंबर २०२२ रोजी राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरणाबरोबर ‘युलिप’ हा सामायिक मंचही जाहीर झाला. निरनिराळ्या मंत्रालयांची माहिती तो एकत्र आणतो. एखादी कंपनी त्यातून वाहनाची नोंदणी, चालकाचा परवाना आणि फास्टॅगवरून गाडीचा मार्ग तपासू शकते. ट्रान्सपोर्ट नगरातील चार ट्रकांच्या एका वयस्क मालकांनी यावर केलेली टिप्पणी मला कोणत्याही अहवालापेक्षा अधिक नेमकी वाटली. गाडी कुठे आहे हे आता सर्वांना कळते; आपले पैसे कुठे अडकले आहेत हे मात्र कोणीच सांगत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

या व्यवस्थेतील चुकीची किंमतही समान वाटली जात नाही. ई-वे बिलाची मुदत अंतरावर ठरते; १ जानेवारी २०२१ पासून दर २०० किलोमीटरला एक दिवस. त्यापूर्वी ती १०० किलोमीटरला एक दिवस होती. मुदत वाढवायची तर ती संपण्याआधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांत वाढवावी लागते. मोठ्या कंपनीकडे यासाठी रात्रपाळीचा कर्मचारी असतो. तीन गाड्यांच्या मालकाकडे तो स्वतः असतो आणि तो झोपलेला असतो. करपात्र माल पकडला गेला आणि मालाचा मालक पुढे आला, तर दंड कराच्या दुप्पट. तोपर्यंत गाडी उभी आणि कर्जाचा हप्ता चालू.

शासनाला हे उमगलेले नाही असे नाही. १४ सप्टेंबर २०१८ च्या परिपत्रकाने गाडीच्या क्रमांकातील एक-दोन अंक किंवा अक्षरे चुकणे, पिनकोड चुकणे अशा किरकोळ दोषांसाठी केंद्र आणि राज्य कायद्यांखाली प्रत्येकी ५०० रुपयांचा दंड पुरेसा मानला. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेलंगणातील ‘सत्यम शिवम पेपर्स’च्या प्रकरणात आणखी स्पष्ट भूमिका घेतली. निदर्शनांमुळे रस्ता अडला, ई-वे बिलाची मुदत संपली आणि माल अडकवून कर-दंड वसूल केला गेला. केवळ मुदत संपली म्हणून करचुकवेगिरीचा हेतू गृहीत धरता येत नाही, हे उच्च न्यायालयाचे मत कायम ठेवून सर्वोच्च न्यायालयाने खर्चाची रक्कम १० हजारांवरून ६९ हजार रुपये केली. न्याय झाला. परंतु तो मिळवण्यासाठी प्रकरण दिल्लीपर्यंत गेले. पाच गाड्यांचा मालक तिथवर पोहोचत नाही. तो रस्त्यातच काय ते मिटवतो.

दलाल का टिकला?

दुसरे आश्वासन बाजाराकडून आले होते. २०१५ च्या आसपास ‘ब्लॅकबक’सारख्या कंपन्या उभ्या राहिल्या. माल आणि ट्रक यांची फोनवर गाठ घालून दिली की दलाल संपेल आणि रिकाम्या फेऱ्या कमी होतील, अशी त्या काळातली कल्पना होती. ती चुकीची नव्हती. जून-जुलैत मलिहाबादचा दशहरी आंबा घेऊन गाड्या दिल्ली-मुंबईकडे निघतात, तेव्हा जाणारे भाडे चांगले मिळते. खरा प्रश्न परतीच्या मालाचा असतो. वाशीत आंबा उतरवल्यावर भिवंडीत किंवा कळंबोलीत दोन दिवस थांबावे लागले, तर हंगामाची कमाई तिथेच विरते.

अ‍ॅपमुळे परतीचे भाडे शोधणे सोपे झाले, हे वाहतूकदारही मान्य करतात. तरीही दलाल टिकून आहे. ब्लॅकबकचा व्यवसायदेखील नुसत्या माल जुळवणीपुरता राहिला नाही. फास्टॅग, इंधनाचे व्यवहार, जीपीएस आणि कर्ज या सेवांना त्यात मोठे स्थान मिळाले. म्हणजे जे पैशाशी जोडलेले होते, ते विकले गेले. दलाल जे पुरवतो, त्याचे नाव माहिती नसून हमी असे आहे. कोणता व्यापारी पैसे बुडवतो, कोणत्या गोदामात गाडी दोन दिवस अडवतात, कोणाच्या शब्दावर डिझेलसाठी आगाऊ रक्कम द्यावी, हे त्याला ठाऊक असते आणि गरज पडली तर तो स्वतःच्या खिशातून पैसे देतो. अनोळखी माल पाठवणाऱ्याविषयी अ‍ॅपने हे आश्वासन दिले, तरच दलालाची गरज उरणार नाही.

इतिहासात याचे पुरावे भरपूर आहेत. इंग्रज प्रवासी पीटर मंडी याला १६३२ मध्ये उत्तर हिंदुस्थानात धान्य वाहून नेणाऱ्या बंजाऱ्यांचा चौदा हजार बैलांचा तांडा भेटला होता. इतका माल नकाशे आणि तारयंत्राविना चालत असे तो भरवशाच्या काही प्रथांवर. मार्गावरची जकात, जोखीम आणि भाडे हे सारे एका ठोक रकमेत अंगावर घेणारा ठेकेदार असे. या कराराला ‘हुंडाभाडे’ म्हणत. मराठीत तर अशा माणसासाठी ‘हुंडेकरी’ हा शब्दच आहे आणि आडनाव म्हणूनही तो टिकला आहे. सी. ए. बेली यांनी उत्तर भारतातील बाजारपेठांवरच्या १९८३ च्या ग्रंथात व्यापारी घराण्यांच्या ‘साखे’चे, म्हणजे पतीचे, महत्त्व दाखवून दिले आहे. हुंडीचा कागद एकाच वेळी माहितीही होता आणि पैसाही. लखनऊ, मिर्झापूर किंवा पुण्याचा सावकार तो स्वीकारत असे, कारण त्यामागे कोणाची तरी पत उभी असे. आजच्या ई-वे बिलात माहिती आहे. पत मात्र त्याला अजून चिकटलेली नाही.

पोच आणि पैसा

येथे बिल्टीकडे परत यावे लागते. १८६५ चा जुना कायदा बाजूला सारून संसदेने २००७ मध्ये रस्ते-वाहतूक कायदा केला आणि तो २०११ मध्ये अंमलात आला. त्यानुसार सामान्य वाहतूकदाराने माल घेतल्याची पावती तीन प्रतींत द्यायची असते आणि मालाचे वजन व तपशील यांचा ती प्रथमदर्शनी पुरावा मानली जाते. कार्बनच्या तीन प्रतींचे मूळ असे कायद्याच्या भाषेतही आहे. या पावतीवर माल उतरवून घेणाऱ्याचा सही-शिक्का पडला की ती ‘पोच’ होते आणि पोच मूळ कार्यालयात परत आल्याशिवाय उरलेले भाडे मिळत नाही. हा कागद चालकाच्या केबिनमध्ये फिरतो, भिजतो, हरवतो. कंपनीचा लेखा विभाग त्यावरचा शिक्का अस्पष्ट असल्याचे सांगतो आणि आणखी काही आठवडे निघून जातात. बुकिंग करणाऱ्याने ट्रकमालकाला भाड्याचा मोठा हिस्सा आधीच दिलेला असतो. म्हणजे वास्तविक तो बड्या कंपनीला बिनव्याजी कर्ज देत असतो.

कायदा त्याच्या बाजूने आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघू उद्योगांना ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. पंधरा दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर सेवा स्वीकारली असे मानले जाते. बिले वटवून आगाऊ पैसे मिळावेत यासाठी रिझर्व्ह बँकेच्या आराखड्यातून ‘ट्रेड्स’ मंच उभे राहिले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये २५० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना त्यांवर नोंदणी सक्तीची करण्यात आली. पण नोंदणी करणे वेगळे आणि बिल मान्य करणे वेगळे. स्वीकृतीचा दिवस कोणता, हेच सिद्ध होत नसेल, तर ४५ दिवसांचे घड्याळ सुरू कधी होणार? इंडियन बँक्स असोसिएशन मालवाहतूकदारांना मान्यता देते आणि त्यांच्या बिल्टीला बँकेत किंमत असते. परंतु त्या यादीत छोटा वाहतूकदार सहसा नसतो.

म्हणूनच माझी सूचना एका गोष्टीभोवती आहे. बिल्टी आणि पोच यांना इलेक्ट्रॉनिक रूप द्यावे आणि त्या रूपाला कायद्याचे बळ द्यावे. ई-वे बिलात मालाचा, वाहनाचा आणि दोन्ही पक्षांचा तपशील आधीच असतो. त्याच माहितीतून प्रमाणित नमुन्याची बिल्टी निघावी. माल उतरवताना घेणाऱ्याच्या फोनवर आलेला ओटीपी म्हणजे पोच समजावी. त्याच क्षणापासून हरकतीचे पंधरा दिवस आणि देयकाचे पंचेचाळीस दिवस मोजले जावेत आणि ही नोंद आपोआप ट्रेड्सकडे जावी. एवढे झाले, तर ट्रान्सपोर्ट नगरात प्रशिक्षण वर्ग भरवावे लागणार नाहीत.

दुसरी सूचना दुतर्फा पारदर्शकतेची. लघू पुरवठादारांची देणी ४५ दिवसांहून अधिक थकवणाऱ्या कंपन्यांना २०१९ पासून वर्षातून दोनदा ‘एमएसएमई-१’ या नमुन्यात तसे विवरण द्यावे लागते. माहिती सरकारकडे आहे. माल पाठवणारी कंपनी युलिपवर ट्रकचा इतिहास पाहू शकते, तर त्या कंपनीच्या थकबाकीचा इतिहास ट्रकमालकालाही दिसला पाहिजे. तिसरी सूचना दंडाबाबत. गाडी मार्गातच आहे आणि शेवटच्या टोलनंतर ती पुढे सरकलेली नाही, हे यंत्रणेला फास्टॅगवरून कळते. अशा वेळी ई-वे बिलाची मुदत एकदा आपोआप वाढावी. पाळतीसाठी जी माहिती वापरता येते, ती बचावासाठीही वापरता यावी.

याला एक आक्षेप घेतला जातो आणि तो गंभीर आहे. या व्यवसायात रोखीचे भाडे चालते, क्षमतेपेक्षा अधिक माल भरला जातो; लोक कागदच पसंत करतात, कारण कागद लपवता येतो. यात तथ्य आहे. परंतु दहापेक्षा अधिक मालवाहने नसलेल्या मालकाला आयकर कायदा वह्या न ठेवता गृहीत उत्पन्नावर कर भरू देतो आणि ते उत्पन्न मुख्यतः गाड्यांची संख्या व वजन यांवरून ठरते. बिल्टी उघड झाल्याने अशा मालकाचे नुकसान फारसे नाही. उलट बँकेला दाखवण्यासाठी त्याच्याकडे प्रथमच उलाढालीचा पुरावा येईल. ज्यांना लपवायचे आहे, ते लपवत राहतील. त्यांच्यासाठी बाकीच्यांना कागदात अडकवून ठेवण्याचे कारण नाही.

युरोपीय संघाने २०२० मध्ये मालवाहतुकीच्या इलेक्ट्रॉनिक माहितीविषयी जो नियम केला, त्याचा रोख लक्षात घेण्याजोगा आहे. जुलै २०२७ पासून तो पूर्णतः लागू व्हायचा आहे. विहित मंचावरून आलेली इलेक्ट्रॉनिक माहिती स्वीकारण्याची सक्ती त्यात प्रशासनावर आहे. व्यावसायिकाला मात्र कागद सोडण्याची सक्ती नाही. आपण नेमके उलटे केले. छोट्या माणसावर सक्ती केली आणि मोठ्या कंपनीच्या लेखा विभागाला ओल्या शिक्क्याचा कागद मागण्याची मुभा ठेवली.

आग्रा-लखनऊ द्रुतगती मार्ग ३०२ किलोमीटरचा आहे आणि पूर्वांचल मार्ग लखनऊपासून गाझीपूरपर्यंत ३४१ किलोमीटरचा. ज्या अंतराला पूर्वी रात्र जाई, ते ट्रक आता काही तासांत कापतो. त्याच ट्रकचे भाडे मात्र दोन-दोन महिने वाटेत असते. लॉजिस्टिक्सच्या पुढच्या अहवालात मालाच्या वेगाबरोबर देयकाचा वेगही मोजला जावा. तो आकडा प्रसिद्ध होऊ लागला, तर धोरणकर्त्यांना छोट्या वाहतूकदाराच्या ‘तंत्रज्ञान-साक्षरते’विषयी चिंता करण्याची वेळ क्वचितच येईल.